फिर्याद कोणाकडे न्यावी

नंदुरबार

चि. बाळास,

पलसाण्याहून धाडलेले तुझे पत्र पोचले. छातीत धडधड होते, बोटांना मुंग्या येतात, हृदयाचा आलेख व रक्ताच्या तपासण्या निर्दोष निघूनही मनाची खातरजमा होत नाही, आणि आता मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या एस्सिटालोप्रामने मळमळ सुरू झाल्यामुळे ती गोळी आपल्याच अखत्यारीत बंद करावी की काय, असे तू विचारतोस. सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत ज्याचे आयुष्य गेले, असा तुझा मामा प्रथम एवढेच सांगतो, की तुझी धडधडही खरी आहे आणि मळमळही खरी आहे. ‘सारे मनाचे खेळ’ म्हणून तुला जो वाटेला लावतो, त्याला भयाचे स्वरूप ठाऊकच नाही. भय शरीरातूनच बोलते. ते नाडी जलद करते, श्वास जलद व उथळ करते, त्या जलद श्वासाने मुंग्या येतात, आणि आपण त्या मुंग्यांनाच नव्या रोगाची साक्ष मानून पुन्हा भितो.

त्यातून तुझे काम असे, की पॉलिएस्टरचे कापड स्टेंटर यंत्रातून १८० ते २०० अंश सेल्सियस उष्णतेत तावून निघते, त्या खात्यात बारा तासांची रात्रपाळी. तेथे निरोगी माणसाचीही नाडी जलद चालावयाची. शिवाय या गोळीने काहींना घाम अधिक सुटतो. तेव्हा चहावर रात्र न काढता पाणी वरचेवर पीत जा, आणि उष्णतेच्या खात्यात काम करतोस, पाळी आठवड्याला बदलते, ही हकीकत डॉक्टरांच्या कानावर अवश्य घाल. गोळी घेण्याची वेळ ठरविताना त्यांना ती लागेल.

मळमळ, डोकेदुखी, झोपेचा बिघाड आणि काहींना आरंभी वाढणारी बेचैनी ही एस्सिटालोप्रामच्या वर्गातील औषधांची परिचित लक्षणे असून बहुतेकांत ती पहिल्या एकदोन आठवड्यांत ओसरू लागतात. गुण मात्र दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो. त्रास आधी रुजू होतो, लाभ मागाहून येतो, आणि नेमक्या याच मुदतीत कित्येक रोगी औषध टाकून देतात. पुढे कधी ते एकाएकी सोडले, तर भोवळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखी संवेदना असे प्रकार होतात. म्हणून मात्रा उतरवावयाची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. काही त्रास टिकतातही, विशेषतः कामेच्छा मंदावण्याचा. तो लाजेने दडवू नकोस, कारण मात्रा बदलता येते, औषधही बदलता येते.

पाकिटातले माहितीपत्रक तू रात्री दोन वाजता वाचलेस, हे मला रुचले नाही. तेथे दहांतील एकाहून अधिकांना होणारी मळमळ आणि हजारांत एकालाही न होणारा विकार एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असतात, आणि भ्यालेला डोळा शेवटच्या ओळीवरच खिळतो. औषधाच्या चाचणीत ज्यांना औषधाचा अंश नसलेली पोकळ गोळी दिली जाते, त्यांपैकीही कित्येक जण डोकेदुखीची तक्रार करतात, हे त्या कागदावरून सहसा ध्यानात येत नाही.

तेव्हा एक वही कर. दिवसातून एकदाच तीत गोळीची वेळ, झोप आणि त्रास केव्हा सुरू होऊन किती टिकला, एवढे लिही. नाडी मोजणे व मोबाईलवर रोग शोधणे सोड, कारण त्याने मिळणारा दिलासा तासभरही टिकत नाही. ती वही डॉक्टरांपुढे ठेव. निवाडा त्यांच्याकडून होऊ दे. अंगदुखीसाठी गिरणीत हातोहात फिरणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या त्यांना विचारल्यावाचून घेऊ नकोस. एस्सिटालोप्रामबरोबर त्या घेतल्यास जठरात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

काही गोष्टींना मात्र वही नाही, थांबणे नाही: शुद्ध हरपणे, चेहरा सुजणे, कडक तापासह अंग ताठरणे वा भ्रम होणे, अथवा जीव नकोसा वाटणे. पंचविशीच्या आतल्या तरुणांत आरंभीच्या आठवड्यांत हा शेवटचा विचार विशेष जपून पाहावा लागतो. असे होताच सोबत्याला उठव, १०८ ला फोन कर. मन फार घाबरले तर १४४१६ या टेलिमानस मानसिक-आरोग्य सेवेच्या क्रमांकावर रात्रीही बोलता येते. औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ वर कोणाही रोग्याला कळविता येतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी व्यवस्था २०१० पासून आहे.

उद्याची गोळी चुकवू नकोस आणि मळमळीबद्दल उद्याच डॉक्टरांना फोन कर. जेवणानंतर घ्यावी का, हेही विचार. ते काय म्हणाले ते मला कळव, म्हणजे तुझ्या आईला काय सांगावयाचे ते मी ठरवीन.

तुझा मामा