तांबड्या वाइनचें मुरणें व तिची पारख

मागील हंगामांत आपल्या आष्टी तालुक्यांतील दोन-चार होतकरू शेतकऱ्यांनीं प्रस्तुत लेखकास विचारिलें कीं, "वाइनचीं द्राक्षें लावलीं तर कसें? कांदा सडतो, दूध नासतें. वाइन मात्र जितकी जुनी तितकी मोलाची. मग या मालास मरण कोठें?" प्रश्न सरळ आहे, पण त्याच्या पोटांत एक मोठा गैरसमज दडलेला आहे. तो मनांत धरून, विहिरीच्या भरंवशावर कर्ज काढून बाग लावली, तर घर बुडावयास वेळ लागणार नाहीं. म्हणून इटली देशांतील एका जुन्या तांबड्या वाइनचें उदाहरण घेऊन, वाइन कां मुरते, केव्हां मुरत नाहीं व तिची पारख कशी करितात, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

जात व तिचा मुलूख

इटलीच्या तोस्काना प्रांतांत, फ्लॉरेन्स व सिएना या शहरांमधील डोंगराळ भागांत 'कियांती' नांवाची वाइन होते. १७१६ सालीं तेथील ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें या मुलखाची शीव हुकुमानें ठरवून दिली. तिचें मुख्य द्राक्ष 'सांजोवेझे' या काळ्या जातीचें. आज 'कियांती क्लासिको' हें नांव लावावयाचें, तर शेंकडा ८० तरी द्राक्ष या जातीचें लागतें व वाइन निदान १२ महिने मुरवावी लागते. 'रिझर्वा' म्हणावयाची तर २४ महिने. याच जातीची मोन्ताल्चिनो गांवची 'ब्रुनेल्लो' तर सुगीनंतरच्या पांचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीं विकतांच येत नाहीं.

हें सारें दूरचें वाटेल. परंतु करमाळ्यापलीकडे, सोलापूर जिल्ह्यांतील अकलूज येथें 'फ्रातेल्ली' कंपनीनें हीच जात लावलेली आहे. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेंत भाऊ. इटलीचे सेक्की बंधु व अकलूजचे मोहिते-पाटील बंधु हे तिच्या संस्थापकांपैकीं होत, आणि तोस्कानाचे अनुभवी वाइनकार पिएरो मासी यांच्या देखरेखीखालीं तेथील वाइन आकारास आली. सांजोवेझे व काबर्ने सोव्हिन्यों या जातींच्या मिश्रणाची, ओक लांकडाच्या पिंपांत मुरविलेली 'सेत्ते' ही तिची नांवाजलेली वाइन होय.

हवामानाचा भेद मात्र ध्यानांत घ्यावा. तोस्कानांत सप्टेंबर-ऑक्टोबरांत, दिवस थंड होत असतां तोडणी होते. आपल्याकडे एप्रिलांत खरड छाटणी, ऑक्टोबराच्या सुमारास गोडी छाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चांत, ऊन वाढत असतां, माल पिकतो. उन्हानें साखर लवकर चढते व आंबटपणा लवकर उतरतो. वाइन मुरण्यास आंबटपणाच हवा, म्हणून तोडणीचा दिवस चुकवून चालत नाहीं.

मुरणें म्हणजे काय

काळ्या द्राक्षाचाहि रस बहुधा फिकाच असतो. रंग सालींत व तुरटपणा साल आणि बी यांत असतो. म्हणून तांबडी वाइन करितांना चुरडलेलीं द्राक्षें सालींसकट आंबवितात. लिटरमागें सुमारें १७ ग्रॅम साखरेपासून शेंकडा एक या मानानें मद्यार्क उत्पन्न होतो.

अशी नवी वाइन कच्च्या केळ्याप्रमाणें जीभ आंवळून धरिते. पुढें लांकडाच्या पिंपांतून अत्यल्प हवा आंत जात राहते. टॅनिन म्हणजे तुरट द्रव्याचे कण एकमेकांशीं व रंगाशीं जोडले जातात, कांहीं गाळ होऊन तळीं बसतात, आणि तुरटपणा मवाळ होतो. आंबटपणा व तुरटपणा हीच या लांबच्या प्रवासाची शिदोरी. ती ज्या वाइनपाशीं नाहीं, ती ठेवून सुधारत नाहीं, केवळ म्हातारी होते. जगांतील बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत पिण्याजोगीच असते. आपल्या परिचयाचें थॉमसन सीडलेस तर बिनबियांचें, पातळ सालीचें व हिरवें. त्यापासून मुरणारी तांबडी वाइन होणें नाहीं.

एक अनुभव

एका स्नेह्यानें लेखकास एकाच सालच्या दोन सारख्या बाटल्या दिल्या. एक पत्र्याच्या खोलींत फडताळावर उभी राहिली. दुसरी जुन्या वाड्याच्या तळघरांत आडवी ठेविली. मध्यें वैशाखाचें ऊन गेलें. दिवाळीस दोन्ही उघडल्या. तळघरांतली लालबुंद, वासास ताजी. पत्र्याखालची विटक्या शाईच्या रंगाची, आणि तिला शिजविलेल्या मनुकांचा वास. दोष मालाचा नव्हता, ठेवणाराचा होता. वाइन अंधारांत, सुमारें १२ ते १५ अंश उष्णतेंत, चढउतार न होतां, बूच ओलें राहील अशी आडवी ठेवावी. आपले वडील ज्वारी पेवांत घालीत, त्यांतील धोरण याहून फार निराळें नव्हे.

पारख

प्रथम पेला तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग पाहावा. कडेस जांभळी झांक असेल तर वाइन नवी, विटेसारखी असेल तर जुनी. मग पेला फिरवून वास घ्यावा: सांजोवेझेस आंबट चेरीचा वास असतो, मुरल्यावर त्यांत चामडें, तंबाखू, सुकीं पानें यांचा भास होतो. शिरक्याचा वास आला तर माल आंबला. ओल्या गोणपाटाचा आला तर बूच बिघडलें. शेवटीं लहान घोट तोंडांत घोळवून आंबट, तुरट व कडू यांचा तोल पाहावा, आणि घोट थुंकून टाकावा. पारखणारास पिण्याची गरज नाहीं. घोट गेल्यावर चव किती वेळ टिकते, यावरून कस कळतो.

शेतकऱ्यानें काय घ्यावें

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. मुरते ती वाइन, द्राक्ष नव्हे. घड पिकला कीं दिवसांतच तोडावा लागतो. थांबण्याचा नफा तळघरवाल्याचा, शेतकऱ्याचा नव्हे. शिवाय वाइनचें द्राक्ष बारीक व बियांचें असल्यानें कारखान्यानें नाकारल्यास खाण्याच्या बाजारांत त्यास गिऱ्हाईक मिळत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण काढल्यावर नाशिक भागांत अशा बागा वाढल्या. परंतु २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी घटून कित्येकांस त्या काढून टाकाव्या लागल्या. घरीं वाइन करावी म्हणावें, तर परवान्यावांचून तें १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें गुन्हा ठरतें.

सबब, कलम लावण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या: कारखान्याशीं भाव व वर्षें यांचा लेखी करार, पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा जात व खुंट यांविषयीं सल्ला, आणि दुष्काळी सालीं विहिरीस किती पाणी राहतें याचा प्रामाणिक हिशेब. आयुष्यभर दप्तरें लिहिलेल्या माणसाची ही विनंती आहे: शाई वाळण्यापूर्वीं रोप लावूं नये.