अन्नप्रक्रिया उद्योगातील कर्मचारी विकास आणि आजीवन शिक्षण : नेस्ले कंपनीचा अभ्यास

कारखान्यात नवीन यंत्र बसविले की ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून नोंदविले जाते. ते यंत्र चालविणाऱ्या कामगाराला शिकविण्यासाठी झालेला खर्च मात्र त्याच वर्षाच्या खर्चात जमा होतो. हिशेबाच्या या रीतीमुळे मंदीच्या काळात पहिली कात्री प्रशिक्षणाला लागते. अर्थशास्त्राची दृष्टी वेगळी आहे. थिओडोर शुल्त्झ यांनी १९६१ मध्ये शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, हा विचार ठामपणे मांडला. १९६४ मध्ये गॅरी बेकर यांनी ‘मानवी भांडवल’ या संकल्पनेला शास्त्रीय बैठक दिली. शुल्त्झ यांना १९७९ मध्ये व बेकर यांना १९९२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रस्तुत लेखात स्वित्झर्लंडमधील नेस्ले या अन्नप्रक्रिया कंपनीच्या उदाहरणावरून दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. कर्मचाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी करावा? आणि त्यातून निर्माण झालेले कौशल्य कोणाच्या मालकीचे?

संकल्पना

प्रशिक्षण, कर्मचारी विकास आणि आजीवन शिक्षण हे शब्द परस्परांऐवजी वापरले जात असले तरी त्यांच्या अर्थात फरक आहे. प्रशिक्षण हे हातातील कामासाठी असते. कर्मचारी विकास उद्याच्या जबाबदारीसाठी असतो. आजीवन शिक्षणाची व्याप्ती त्याहून मोठी असून तिच्या केंद्रस्थानी नोकरी नव्हे, तर व्यक्ती असते.

युनेस्कोने नेमलेल्या एडगार फोर आयोगाने १९७२ मध्ये व जाक देलोर आयोगाने १९९६ मध्ये हा विचार जागतिक व्यासपीठावर आणला. जाणणे, करणे, एकत्र जगणे आणि स्वतःला घडविणे हे देलोर आयोगाने सांगितलेले शिक्षणाचे चार स्तंभ आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ च्या १४० व्या कराराद्वारे सवेतन शैक्षणिक रजेचे तत्त्व मान्य केले. पुढे २००४ मध्ये १९५ वी शिफारस स्वीकारून संघटनेने मनुष्यबळ विकासाची सांगड थेट आजीवन शिक्षणाशी घातली. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी चौथ्या उद्दिष्टातही सर्वांसाठी आजीवन शिक्षणाच्या संधींचा अंतर्भाव आहे.

मालक प्रशिक्षण का देतो?

बेकर यांनी प्रशिक्षणाचे सर्वसाधारण आणि संस्थाविशिष्ट असे दोन प्रकार केले. एखाद्या कारखान्यातील विशिष्ट यंत्रमालिका कशी हाताळावी, हे ज्ञान त्याच कारखान्यात उपयोगी पडते, म्हणून त्याचा खर्च मालक आनंदाने करतो. लेखन-वाचन, संगणक, स्वच्छतेचे नियम किंवा इंग्रजी भाषा ही कौशल्ये मात्र कामगार कोठेही घेऊन जाऊ शकतो. अशा सर्वसाधारण कौशल्यावर मालकाने खर्च केला आणि जास्त वेतन देऊन स्पर्धकाने तो कामगार पळविला, तर खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा अशी स्थिती होते. म्हणून सर्वसाधारण प्रशिक्षणाचा भार, प्रत्यक्ष किंवा कमी वेतनाच्या रूपाने, कामगारच उचलतो, असा बेकर यांचा निष्कर्ष होता.

व्यवहारात मात्र अनेक कंपन्या सर्वसाधारण कौशल्यांवरही खर्च करताना आढळतात. डॅरन असेमोग्लू व यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी १९९८ मध्ये त्याची मीमांसा केली. श्रमबाजार परिपूर्ण नसतो. कामगाराची खरी गुणवत्ता सध्याच्या मालकाला जेवढी माहीत असते तेवढी बाहेरच्याला नसते. कौशल्य वाढले तरी कामगाराला बाहेर तेवढे जास्त वेतन मिळत नाही आणि उत्पादकतेतील वाढीचा काही भाग मालकाकडेच राहतो. त्यामुळे त्याला प्रशिक्षण परवडते. या मीमांसेची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. कामगाराचे कौशल्य बाहेर ओळखले जात नाही, हेच मालकाच्या खर्चामागील एक कारण आहे.

अन्न उद्योगाचे वेगळेपण

अन्न उद्योगात कच्चा माल नाशवंत असतो आणि एका चुकीची झळ हजारो ग्राहकांना पोहोचू शकते. तयार मालाची तपासणी करून सुरक्षिततेची हमी देता येत नाही, कारण प्रत्येक डबा फोडून पाहणे अशक्य असते. त्यामुळे धोक्याचे टप्पे आधीच निश्चित करून तेथे नियंत्रण ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ‘हॅसप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचा उगम १९६० च्या दशकात अमेरिकी अंतराळवीरांचे अन्न तयार करताना झाला. दूध किती तापमानाला, किती वेळ तापविले, याची नोंद ठेवणारा कर्मचारी श्रेणीने खालचा असला तरी सुरक्षिततेची कळ त्याच्या हाती असते. आकडा मर्यादेबाहेर गेला तर यंत्र थांबवावे लागते, हे त्याला समजले पाहिजे आणि ते थांबविण्याचा अधिकारही त्याला असला पाहिजे. म्हणून या उद्योगात शिक्षणाची सुरुवात तळापासून करावी लागते.

नेस्ले : तीन स्तर

आंरी नेस्ले यांनी १८६७ मध्ये व्हेवे येथे बालकांसाठी दूधमिश्रित पीठ बाजारात आणले. १९०५ मध्ये ॲंग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क कंपनीशी विलीनीकरण झाले आणि त्यातून आजच्या कंपनीची उभारणी झाली. तिच्या मनुष्यबळ विकासाचे तीन स्तर दिसतात.

पहिला स्तर कारखान्याचा. स्वित्झर्लंडमध्ये शालेय शिक्षणानंतर सुमारे दोन तृतीयांश युवक व्यावसायिक शिक्षणाकडे वळतात. आठवड्यातील काही दिवस शाळेत व उरलेले दिवस प्रत्यक्ष कामावर, अशी ही दुहेरी पद्धत आहे. नेस्लेची शिकाऊ उमेदवारी याच परंपरेतील आहे. युरोपात युवकांची बेकारी तीव्र असताना, २०१३ मध्ये, कंपनीने तीस वर्षांखालील युवकांसाठी १० हजार नोकऱ्या व १० हजार शिकाऊ जागांचा कार्यक्रम जाहीर केला. काही देशांत नवी यंत्रे येण्यापूर्वी कामगारांसाठी साक्षरतेचे वर्गही घेण्यात आले. यंत्रावरील सूचना वाचता आल्या नाहीत तर यंत्रातील गुंतवणूकही वाया जाते, हा त्यामागील साधा हिशेब होय.

दुसरा स्तर व्यवस्थापकांचा. व्हेवेच्या परिसरातील रीव्ह-रेन या केंद्रात विविध देशांतील व्यवस्थापक एकत्र शिकतात. १९५७ मध्ये कंपनीने लोझान येथे व्यवस्थापन शिक्षणाची संस्था स्थापन केली. १९९० मध्ये ही संस्था जिनिव्हातील तशाच एका संस्थेत मिळून आजची ‘आयएमडी’ ही व्यवस्थापन संस्था अस्तित्वात आली. कंपनीच्या गरजेतून सुरू झालेले शिक्षण अशा रीतीने सर्वांसाठी खुले झाले.

तिसरा स्तर कंपनीच्या वेतनपटाबाहेरचा आहे. भारतात नेस्लेने पहिला कारखाना १९६१ मध्ये पंजाबातील मोगा येथे उभारला. दूध चांगले नसेल तर कारखाना चालणार नाही, म्हणून कंपनीचे पशुवैद्यक व कृषितज्ज्ञ शेतकऱ्यांपर्यंत गेले. जनावरांचे आजार, चारा, कूपनलिका व दूध थंड ठेवण्याची व्यवस्था याविषयी मार्गदर्शन सुरू झाले. मायकेल पोर्टर व मार्क क्रेमर यांनी २००६ मध्ये या प्रयोगाची नोंद घेतली. आरंभी १८० शेतकरी कंपनीला दूध घालीत, तर त्या सुमारास ही संख्या ७५ हजारांवर गेली होती.

आणंदचे प्रत्युत्तर

या चित्राला दुसरीही बाजू आहे. डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी आत्मचरित्रात १९५० च्या दशकातील एक प्रसंग नोंदविला आहे. भारतातच कंडेन्स्ड मिल्क तयार करावे, या विषयावर ते नेस्लेच्या मुख्यालयात चर्चेला गेले होते. हे काम स्थानिक लोकांवर सोपविण्याइतके सोपे नाही, असा सूर त्यांना तेथे ऐकावयास मिळाला. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाने १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली आणि १९५८ मध्ये कंडेन्स्ड मिल्कचे उत्पादनही सुरू केले.

स्वतः कुरियन हे सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले होते. शिष्यवृत्तीच्या बंधपत्रामुळे त्यांना १९४९ मध्ये आणंद येथील सरकारी दुग्धशाळेत रुजू व्हावे लागले. खर्च शासनाने केला आणि लाभ सहकारी संघाला झाला. बेकर ज्या ‘गळती’विषयी बोलतात ती मालकाच्या दृष्टीने तोटा असली तरी समाजाच्या दृष्टीने लाभ ठरू शकते, हे यावरून स्पष्ट होते. सार्वजनिक खर्चाने कौशल्य निर्माण करण्याचे समर्थन नेमके येथे आहे. पुढे १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापन संस्था उभी राहिली आणि २०२५ च्या कायद्याने तिचे रूपांतर त्रिभुवन सहकारी विद्यापीठात झाले.

मर्यादा

कंपनी आजीवन शिक्षण देऊ शकते. आजीवन नोकरीची हमी मात्र देत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्लेने जगभरातील सुमारे १६ हजार पदे दोन वर्षांत कमी करण्याचे जाहीर केले. त्यांपैकी सुमारे १२ हजार पदे कार्यालयीन स्वरूपाची आहेत. वीस वर्षे कंपनीत शिकलेल्या कर्मचाऱ्याचे ज्ञान बाहेर प्रमाणित नसेल, तर नोकरीबरोबर त्याचे मोलही घटते.

दुसरी मर्यादा कंत्राटी कामगारांची. वार्षिक उद्योग पाहणीनुसार भारतातील संघटित कारखान्यांमधील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण २०००-०१ मध्ये सुमारे २० टक्के होते. अलीकडच्या वर्षांत ते ४० टक्क्यांवर गेले आहे. काही महिन्यांनी जाणाऱ्या कामगाराला शिकविण्यात कारखान्याला रस नसतो आणि कंत्राटदाराला तर तो त्याहून कमी. अन्नसुरक्षा मात्र कायम व कंत्राटी असा भेद जाणत नाही.

भारतीय चौकट

कामगार शिक्षणासाठी केंद्रीय मंडळाची स्थापना १९५८ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय दीर्घकाळ नागपूर येथे होते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात अन्न हाताळणाऱ्या दर २५ व्यक्तींमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक अपेक्षित आहे. २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीने अनुभवातून मिळविलेल्या कौशल्यालाही प्रमाणपत्र देण्याची वाट मोकळी केली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातील पुनर्कौशल्य निधीनुसार कपात झालेल्या कामगारासाठी मालकाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावी लागते.

तरीही वास्तव चिंताजनक आहे. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के युवकांनी औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेले होते. शिवाय पुनर्कौशल्य निधी नोकरी गेल्यानंतर मिळतो. पंधरा दिवसांच्या वेतनात नवा व्यवसाय शिकणे कठीण आहे. शिक्षणाची खरी वेळ नोकरी हाती असतानाची असते.

समारोप

संस्थाविशिष्ट कौशल्याचा खर्च मालकाने करावा, हे न्याय्य आहे. सर्वसाधारण कौशल्याचा खर्च मालक, शासन आणि कामगार यांनी वाटून घ्यावा. कामगाराचा वाटा पैशापेक्षा वेळेच्या रूपाने असावा आणि त्या वेळेला सवेतन रजेचा आधार मिळावा. मिळालेले कौशल्य कामगाराच्या नावे, सर्वत्र मान्य होईल अशा प्रमाणपत्रात नोंदले जावे आणि कंत्राटी कामगार त्यातून वगळला जाऊ नये. यंत्र कारखान्याच्या मालकीचे असते, कौशल्य मात्र माणसाबरोबर जाते. ते जाताना निरुपयोगी होऊ नये, ही जबाबदारी सार्वजनिक धोरणाची आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सर्वसाधारण आणि संस्थाविशिष्ट प्रशिक्षणातील फरक अन्न उद्योगातील उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. मोगा व आणंद येथील प्रयोगांची तुलना ज्ञानाच्या प्रसाराच्या दृष्टीने करा.
३. कंत्राटीकरणाचा कौशल्य विकासावर होणारा परिणाम सांगून त्यावर उपाय सुचवा.