पिठोरीची कहाणी आणि मातांचे मनोगत

श्रावण मास उजाडला की आपल्यापैकी पुष्कळ घरांतून जिवतीचा कागद भिंतीवर लागतो. दर शुक्रवारी त्याची पूजा होते, माता मुलांना ओवाळते, आणि जी मुले परगावी असतील त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकून त्यांचेही औक्षण झाले असे मानते. सुरतेस येऊन राहिलेल्या आपणा कुटुंबांना या अक्षतांचे मोल निराळे सांगावयास नको. धुळे, नंदुरबार, जळगाव या बाजूच्या कित्येक वृद्ध मातांनी पश्चिमेकडे टाकलेल्या अक्षता आपल्यासाठीच असतात. पुढे मासाच्या अखेरीस, पोळ्याच्या दिवशीच, पिठोरी अमावास्या येते. तिच्या पूजेचा विधी चातुर्मासाच्या पुस्तकात आहे, तो येथे पुन्हा देण्याचे कारण नाही. त्या दिवशी वाचावयाच्या कहाणीचा मात्र आम्ही या पाठात थोडा विचार करू इच्छितो. दरसाल ती कानांवरून जाते, परंतु तीत काय सांगितले आहे इकडे आपले लक्ष जातेच असे नाही.

कथाभाग थोडक्यात असा. एका ब्राह्मणाची सून दर श्रावणी अमावास्येस बाळंत होई. त्याच दिवशी घरी सासऱ्याच्या वडिलांचे श्राद्ध असे. ब्राह्मण जेवावयास येत, इकडे मूल जन्मून लगेच दगावे, आणि ब्राह्मण उपाशी माघारी जात. अशी सहा वर्षे गेली. सातव्या वर्षीही तेच घडले तेव्हा सासऱ्याचा संताप अनावर झाला. त्याने ते मृत बालक सुनेच्या ओटीत घातले व तिला घराबाहेर घालविले. ती रानात गेली. तेथे तिला झोटिंगाची, म्हणजे राक्षसाची, बायको भेटली. तिने सावध केले, माझा नवरा तुला खाऊन टाकील, येथे थांबू नकोस. सून म्हणाली, मी त्याचसाठी आले आहे. तेव्हा त्या राक्षसपत्नीने तिला विचारले की जिवावर इतकी उदार का झालीस. आणि सुनेने सर्व हकीकत सांगितली. मग तिने वाट दाखविली. पुढे बेलाचे झाड व शिवलिंग होते, तेथे रात्री देवकन्या साती अप्सरांसह पूजेस येत. नैवेद्य दाखवून त्या विचारीत, कोणी अतिथी आहे काय? सून झाडावरून उतरून म्हणाली, मी आहे. त्यांनीही चौकशी केली, तिने पुन्हा सारे सांगितले, आणि तिची सातही मुले तिला जिवंत परत मिळाली.

मुले परत मिळाली हे फळ आहे, व व्रतकथेत फळ असावयाचेच. आमचे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीकडे. ही स्त्री सात वर्षे भरल्या घरात राहिली. सात वेळा तिचे मूल गेले. परंतु तुला काय झाले, असे तिला त्या घरात कोणी एकदाही विचारल्याचे कहाणीत नाही. घरच्यांना चिंता होती ती श्राद्धाची आणि उपाशी गेलेल्या ब्राह्मणांची. पहिला प्रश्न विचारला तो राक्षसाच्या बायकोने. जिवतीच्या कागदावर मुलांना खेळविणाऱ्या ज्या दोघी असतात त्यांतील जरा हीही राक्षसीच, हे येथे आठवते. महाभारताच्या सभापर्वात मगधाच्या राजाच्या दोन राण्यांस झालेली अर्धी अर्धी बालके टाकून दिलेली असतात. ती उचलून एकत्र जुळविते ती जरा, आणि त्यांतून जरासंध उभा राहतो. जे राजवाड्याने टाकले ते राक्षसीने सांधले. आपल्या जुन्या स्त्रियांनी या दोन कथा शतकानुशतके जपल्या, त्या त्यांनी न समजता जपल्या असे आम्हांस वाटत नाही.

कहाणीतील दुःख कल्पित नव्हते. मूल जाणे ही एके काळी जवळजवळ प्रत्येक घराची गोष्ट होती. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीस चौदाव्या वर्षी पुत्र झाला व तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळते तर मूल वाचते, हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. त्यांनी अमेरिकेस जाऊन फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली पदवी मिळविली, आणि प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परत येऊन काम सुरू करण्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्यांचा क्षयाने अंत झाला. त्यांच्या विद्वत्तेचा गौरव आपण नेहमी करतो. त्या विद्वत्तेच्या मुळाशी दहा दिवसांचे एक बाळ होते हे सांगावयाचे मात्र बहुधा राहून जाते.

आनंदीबाईंना लिहिता येत होते. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्यासाठी जाते होते. पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसून दळीत, तेव्हा जे सासूसमोर, दिरासमोर, नवऱ्यासमोर बोलता येत नसे ते ओवीतून बाहेर पडे. बाळाचे कौतुक, कन्येच्या पाठवणीचे दुःख, माहेरची ओढ, भावाची वाट, हे सारे त्यांत आहे. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्री-जीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या. पुढे हेमा रायरकर व गी पॉइतव्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या. दळणाच्या गिरण्या आल्या आणि बायकांच्या दंडांचे श्रम वाचले, हे चांगलेच झाले. जाते परत आणावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु जात्याबरोबर समोर बसणारी दुसरी बाईही गेली, आणि तिची जागा कोणी भरली नाही.

साने गुरुजींचे नाव निघाले म्हणून ‘श्यामची आई’ विषयी दोन शब्द. खानदेशात, अमळनेरच्या शाळेत, गुरुजींनी अध्यापन केले. आपल्यापैकी ज्यांचे गाव त्या बाजूस आहे त्यांना याचा अभिमान आहेच. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिले व १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. मराठी घराघरांत आईची मूर्ती जी उभी राहिली ती बव्हंशी या पुस्तकाने. त्याबद्दल आमची कृतज्ञता अपार आहे. तरीही एवढे म्हणावेसे वाटते की तेथे बोलतो तो श्याम. दारिद्र्य, आजार, अपमान हे सर्व आईने कसे सोसले हे आपणांस पुत्राच्या डोळ्यांतील पाण्यातून दिसते. आई स्वतः बोलली असती तर आणखी काय बोलली असती? कदाचित् ती थकल्याचे, रागावल्याचेही बोलली असती.

खुद्द मातेच्या मुखातून ऐकावयाचे तर खानदेशातच जळगावच्या बहिणाबाई चौधरी आहेत. १८८० साली असोद्यास जन्मल्या, ऐन तिशीत वैधव्य आले, मुले पदरात. अक्षरओळख नव्हती. शेतात व घरात राबता राबता त्यांनी गाणी रचली, ती त्यांचे पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवली, आणि १९५१ च्या डिसेंबरात त्या निवर्तल्यानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने पुस्तकरूपाने बाहेर आली. जी ठेव सर्व महाराष्ट्राने पुढे डोक्यावर घेतली ती घरातल्या चुलीजवळ बोलली जात होती. कोणीतरी टिपली म्हणून उरली. न टिपलेल्या किती असतील!

आता आपल्या सुरतेकडे वळू. ज्या तापीच्या तीरावर आपण राहतो तीच नदी वर खानदेशातून, भुसावळावरून, प्रकाशाच्या घाटावरून वाहत येते. महाभारतात तपती ही सूर्याची कन्या, संवरणाची पत्नी व कुरूची माता म्हणून आली आहे; तीच तापी, असे आपण मानतो. माहेरचेच पाणी सासरी येते अशी ही नदी. आपल्या मुली मात्र त्याच मार्गाने आगगाडीने येतात, व पहिल्या बाळंतपणाहून परतताना कडेवर मूल आणि पिशवीत डिंकाचे लाडू असतात. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील एका खोलीच्या संसारात पुढचे दिवस सुरू होतात. नवरा लूमवर बाराबारा तासांच्या पाळीला. रात्रपाळी असली की तो दिवसा त्याच खोलीत झोपणार. मग बाळ रडू लागले की त्याला घेऊन ती उन्हात जिन्यात जाऊन उभी राहते. हातात काम असते ते साड्यांना लेस व टिकल्या लावण्याचे. शेजारी गुजराती, हिंदी, उडिया बोलणारे. माणसे भली असतात, परंतु पहिल्या वर्षी भाषा जुळत नाही. आई दूर, सासू गावी. मोबाईलवर रोज बोलणे होते, हे खरे. पण फोनवर मुलगी म्हणते, सगळे बरे आहे, आणि आईही तेच म्हणते.

गेल्या काही महिन्यांत मंदिरातील भगिनींच्या बैठकीत जे बोलणे झाले त्यांतील थोडे येथे देतो. नावे अर्थातच देत नाही. एकीने सांगितले की बाळ झाल्यावर तिला आनंदच वाटेना. सर्व जण पेढे वाटीत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. आपण वाईट आई आहोत असे तिने दोन वर्षे मनात धरले. दुसरीने जुळ्यांच्या जन्माची हकीकत अशी रंगवून सांगितली की सर्वांची हसून मुरकुंडी वळली; एकाला दोनदा दूध पाजले आणि दुसरा उपाशी, म्हणून तिने एकाच्या मनगटास काळा दोरा बांधला व तो कोणाच्या बांधला हेच विसरली. एका वयस्क भगिनीने, जिला आता नातसुना आहेत, आपल्या पहिल्या मुलीविषयी सांगितले. ती मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली होती. पन्नास वर्षांत घरात तिचा विषय निघाला नव्हता. कोणी तरी विचारले, नाव काय ठेवले होते? तिने नाव सांगितले, आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

पहिल्या भगिनीच्या अनुभवाविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे, कारण येथे केवळ सहानुभूती पुरत नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन उडणे हे बहुतेक स्त्रियांना थोडेबहुत होते आणि आठपंधरा दिवसांत ओसरते. परंतु हीच अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक गेली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, अथवा स्वतःस वा बाळास इजा करावी असे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे, आणि त्यास उपचार आहेत. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत जो लेख आला त्यात शंभर मातांपैकी सुमारे बावीस जणींत ही लक्षणे आढळल्याचे म्हटले आहे. म्हणजे पाचांत एक. बाहेरची बाधा, दृष्ट, किंवा नखरे असे म्हणून वेळ दवडू नये. अंगारा लावावयाचा तर लावा, पण डॉक्टरांकडेही न्या, आणि इजा करण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी न्या व तिला एकटी ठेवू नका. शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

पुरुष वाचकांस एक विनंती. ‘आई ही देवता’ हे वाक्य आपण कीर्तनात ऐकतो, सभेत म्हणतो, व ते खरेही आहे. पण देवतेस झोप लागत नाही, तिचे अंग दुखत नाही, असा सोयीचा समज त्या वाक्याआड दडतो. पिठोरीच्या घरातही व्रते, श्राद्धे, ब्राह्मणभोजने यथासांग चालू होती. रात्री बाळास दोन तास सांभाळून पत्नीस निजू देणे हे काम कोणत्याही पोथीत पुण्य म्हणून लिहिलेले नाही. आमच्या मते ते लिहावयास हवे होते. सासूबाईंनाही विनंती आहे, ती वेगळ्या कारणाने. आमच्या वेळी असे नव्हते, असे त्या म्हणतात. बैठकीतील अनुभव असा की त्यांच्या वेळीही असेच होते, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि सुनेचे ऐकता ऐकता त्यांच्याच आठवणी आधी बाहेर आल्या.

पिठोरीच्या पूजेत माता खीरपुरीचा नैवेद्य डोक्यावर धरून, मागे न पाहता, अतिथी कोण असे विचारते, आणि मागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणून तो घेते. यंदा पिठोरीच्या सायंकाळी आरतीनंतर सभामंडपात कहाणीचे वाचन होईल व त्यापुढे भगिनींची बैठक बसेल. जिला बोलावयाचे असेल तिने बोलावे, जिला नुसते बसावयाचे असेल तिने बसावे. कोणी मध्येच उपाय सुचवू नये, कोणाच्या मुलाशी तुलना करू नये, आणि तेथे ऐकलेले चाळीत नेऊ नये. ज्यांना मूल झाले नाही अथवा ज्यांचे राहिले नाही, अशा भगिनींचे स्थान या बैठकीत इतरांइतकेच आहे. ओटी भरताना त्यांना वगळू नये असे आम्ही मुद्दाम सांगून ठेवतो. बैठक चालू असेतो लहान मुलांस धर्मशाळेच्या ओट्यावर सांभाळण्याचे काम पुरुष मंडळींनी पत्करले आहे. दुधाच्या बाटल्या व कोरडे कपडे बरोबर आणावेत.