सुकटीचा वास: एकाला भूक, दुसऱ्याला मळमळ

प्रश्न: सुकट, सोडे, सुके बोंबील म्हणजे माझा जीव की प्राण. घरी सुकट भाजायला घेतली की मला तिथेच भूक लागते. पण ऑफिसात डबा उघडला की शेजारची माणसं उठून जातात. एक सहकारी तर सरळ म्हणाल्या, "तुम्ही हे खाता तरी कसं?" वास एकच, मग मला भूक आणि त्यांना मळमळ, असं का? माझं नाक वेगळं आहे की त्यांचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाकं बहुधा दोघांचीही ठणठणीत आहेत. तरी तुमच्या प्रश्नात खूप काही दडलं आहे, म्हणून आधी हा वास येतो कुठून ते पाहू.

समुद्राचं पाणी खारं. त्या खारेपणामुळे पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये, म्हणून समुद्रातली मासळी अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य बाळगते. त्याला स्वतःचा असा वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. बोंबलाच्या अंगात तर पाणीच पाणी. म्हणून किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर उन्हात टांगतात. पाणी उडून जातं आणि मागे राहतं ते सगळं एकवटतं. चव एकवटते, तसा वासही.

याच मासळीत आपल्याकडे कोकम किंवा चिंच पडते, ती नुसत्या आंबटपणासाठी नाही. आम्लाशी गाठ पडली की हे अमाइन बांधलं जातं, हवेत सहज उडत नाही आणि वास उतरतो. लिंबू पिळल्यानेही तेच होतं. किनाऱ्यावरच्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या हातानेच शोधलं आहे आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

आता नाकाकडे वळू. नाकानाकांत फरक असतो हे खरं. 2020 साली आइसलँडमधल्या संशोधकांनी नऊ हजारांहून अधिक लोकांना वेगवेगळे वास देऊन त्यांच्या जनुकांशी ताडून पाहिले. मासळीचा वास टिपणाऱ्या एका जनुकात काहींच्या बाबतीत बदल आढळला. या मंडळींना तो वास सौम्य वाटला आणि ओळखताही येईना. कुणी बटाटा म्हणालं, कुणी केचप. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांना आणि तुम्हाला अगदी एकसारखाच वास येत असेल, अशी खात्री देता येत नाही. मात्र असे लोक थोडेच. तुमच्या ऑफिसातल्या सगळ्या प्रकाराचा दोष जनुकांवर टाकता येणार नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आपण वास दोन वाटांनी घेतो. एक, नाकपुडीतून, श्वास आत ओढताना. दुसरी, घास चावताना तोंडाच्या मागच्या बाजूने, घशातून वर नाकात. या दुसऱ्या वाटेने आलेल्या वासाला मेंदू वास मानतच नाही, चव मानतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी 1982 साली हा मुद्दा मांडला: तोच पदार्थ हुंगला तर नकोसा, खाल्ला तर हवासा वाटू शकतो. तुमचा डबा उघडतो तेव्हा सहकाऱ्यांच्या वाट्याला फक्त पहिली वाट येते. भाजलेल्या सुकटीचा खमंगपणा, कांद्याचा गोडवा, कोकमाचा आंबटपणा, खोबरं, हे सगळं तुमच्या तोंडात. त्यांना मिळतो तो नुसता दर्प, जेवणाशिवाय. तुम्हालाही वास आधी येतो, पण तुमच्यासाठी तो पुढच्या घासाची वर्दी असतो. त्यांच्यासाठी त्याच्यापुढे काहीच नाही.

ही वर्दी आपण शिकतो कधी? जन्माच्याही आधी. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही गरोदर बायकांनी शेवटच्या तीन महिन्यांत नियमित गाजराचा रस प्यायला होता. त्यांच्या बाळांना पुढे गाजराची चव असलेली लापशी दिली, तेव्हा साध्या लापशीपेक्षा ती खाताना त्यांनी तोंडं कमी वाकडी केली; इतर बाळांत असा फरक दिसला नाही. अंगावर पाजताना रस प्यालेल्या आयांच्या बाळांचंही तसंच. तुमच्या आईने सुकट खाल्ली असेल, तर तुमची आणि त्या वासाची ओळख पाळण्याच्याही आधीची असण्याचा संभव आहे.

नाव बदललं तरी वास बदलतो. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी 2005 साली एकच वास लोकांना दिला. एकदा पडद्यावर लिहिलं 'चेडर चीज', एकदा 'अंगाचा वास'. पहिल्या नावाखाली लोकांना तो बराच बरा वाटला, आणि मेंदूचा प्रतिसादही त्यानुसार बदलला. हिंगाचा खडा कधी न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्या, तो हात झटकून दूर होईल. आपण तोच खडा आमटीच्या फोडणीत टाकतो आणि घर भरून वास सुटला की पानं घ्यायला उठतो.

कधीकधी तर वासाचा प्रश्नच नसतो, नुसती कल्पना पुरते. रोझिन यांच्याच एका प्रयोगात मेलेलं, निर्जंतुक केलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. रसाला काही धोका नव्हता, तरी तो बहुतेकांना प्यावासा वाटेना. बस्तरची चापडा चटणी याच भिंतीवर आपटते. झाडांवरच्या पानांच्या घरट्यांतल्या लाल मुंग्या आणि त्यांची अंडी मिरची, लसूण, मीठ घालून वाटतात; मुंगीच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लामुळे चटणी छान आंबट होते. आपल्या गडचिरोलीतही ती खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच काई चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिंचेची चटणी आवडणाऱ्याला ही नावडण्याचं जिभेपाशी कारण नाही. कारण आहे ते 'मुंगी' या कल्पनेत.

इथेच माझं मन अडतं. आपल्याकडे किळस एकट्या जिभेची कधीच नव्हती. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे 2015 सालचं पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या स्वयंपाकाबद्दल आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, हे पदार्थ त्यात मांडले आहेत. ज्यांच्या वाट्याला जनावराचा जो भाग टाकला गेला, त्यांनी त्यातून अन्न केलं, टिकवलं, त्यात चव आणली; आणि पुढे त्याच अन्नावरून त्यांना हिणवलं गेलं. मुंबईत आजही मासे खाणाऱ्या कुटुंबाला भाड्याने घर नाकारल्याचे प्रसंग घडतात. त्यात नाकाचा वाटा थोडा आणि मनाचा फार. म्हणून "हे खाता तरी कसं?" हा प्रश्न मला निरागस वाटत नाही. वास सहन न होणं समजू शकतं. त्यावरून ताटासमोरच्या माणसाला खाली मान घालायला लावणं अजिबात मान्य नाही. तुम्ही लाजू नका.

आता डब्याचं. सुकट ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. उष्णतेने वास उडतो आणि सगळीकडे पसरतो. त्यापेक्षा गोव्याकडचं किस्मूर करून न्या. सुकी करंदी किंवा जवळा कुरकुरीत भाजायचा, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि आंबटाला कोकम किंवा चिंच घालून हाताने चुरत कालवायचं. हे गरम करावं लागत नाही. मात्र सुकट वेगळ्या घट्ट डबीत न्या आणि जेवायच्या वेळी कालवा, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. शेजारी कुणी कुतूहलाने पाहिलं, तर चमचाभर भातासोबत द्या. नवी चव रुळायला मुलांनाही आठ-दहा वेळा चाखायला लागतं, तेव्हा पहिल्याच घासाला नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका आणि आग्रहही करू नका. त्यांच्या डब्यातलं तुम्हाला विचित्र वाटणारं काही असेल, तर तुम्हीही मागून घ्या.