दास्यांतून निघालेलें गाणें आणि आपल्या घरचें गाणें

फेब्रुवारी महिना लागला म्हणजे अमेरिकेंतील विद्यापीठांत कृष्णवर्णीय लोकांच्या इतिहासाचा उत्सव चालू होतो. कार्टर वुडसन नांवाच्या विद्वान् गृहस्थांनीं १९२६ सालीं त्याचा आरंभ एका आठवड्यापुरता केला. १९७६ पासून तो सबंध महिनाभर पाळण्यांत येतो. व्याख्यानें होतात, ग्रंथांचीं प्रदर्शनें भरतात, आणि बहुतेक ठिकाणीं विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाचा एक कार्यक्रम असतोच. तरुण मुलें व मुली रांगेनें उभीं राहून टाळ्यांचा ठेका धरतात. एकजण ओळ उचलतो, आणि बाकीचे सर्व मिळून त्याला उत्तर देतात. या गाण्यास 'गॉस्पेल' म्हणजे 'शुभवार्तेचें गाणें' असें नांव आहे. आमचे विद्यार्थी विचारतील कीं, सातासमुद्रांपलीकडील या गाण्याचा आमच्या नगर जिल्ह्याशीं काय संबंध? संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून निकटचा आहे. तो दाखविण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

प्रथम या गाण्याचा जन्म पाहूं. १६१९ सालीं आफ्रिकेंतून धरून आणलेले कांहीं लोक अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत विकण्यांत आले. तेथून पुढें सुमारें अडीचशें वर्षें त्या देशांत माणसांचा क्रयविक्रय चालला. गुलामांस लिहावयास-वाचावयास शिकविणें हा कित्येक प्रांतांत गुन्हा ठरविलेला होता. इतकेंच नव्हे, तर १७३९ सालीं दक्षिण कॅरोलिनांत गुलामांनीं बंड केल्यावर दुसऱ्याच वर्षीं तेथील सरकारनें त्यांस ढोल वाजविण्याचीही मनाई केली. कारण ढोलाच्या इशाऱ्यानें माणसें जमतात, ही भीति. पाटी-पुस्तक नाहीं, वाद्य नाहीं. उरला केवळ गळा. तेव्हां या लोकांनीं हात हेंच वाद्य केलें, पायांनीं जमिनीवर ताल धरला, आणि कानावर पडलेल्या पवित्र शास्त्रांतील कथा घेऊन आपलीं पदें रचिलीं. मिसर देशाच्या दास्यांतून मोशेनें इस्राएल लोकांस सोडविलें, ही कथा त्यांस विशेष प्रिय. मालकास वाटे, हे देवाचें भजन करीत आहेत. गाणाऱ्यास ठाऊक असे कीं, मिसर म्हणजे हाच मुलूख, आणि यार्देन नदी म्हणजे पलीकडच्या स्वतंत्र प्रांताची सीमा. एकाच पदांत भक्तीही होती व मुक्तीची वाटही होती.

१८६५ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८६६ च्या जानेवारींत, टेनेसी प्रांतांतील नॅशव्हिल शहरीं, लष्करानें सोडलेल्या इस्पितळाच्या बराकींत एक शाळा उघडण्यांत आली. तीच पुढें फिस्क विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आली. नुकतींच मुक्त झालेलीं मुलें, व त्यांच्या शेजारीं बसून अक्षरें गिरविणारे प्रौढ, असा तेथील विद्यार्थिवर्ग होता. परंतु पांच वर्षांतच शाळेची गंगाजळी आटली. बराकी कुजूं लागल्या. शाळा बंद करण्याची वेळ आली.

शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे गायनही शिकवीत असत. त्यांनीं ६ ऑक्टोबर १८७१ रोजीं नऊ विद्यार्थ्यांचा मेळा घेऊन, गाऊन द्रव्य मिळविण्याकरितां नॅशव्हिल सोडलें. या नऊ जणांपैकीं बहुतेक गुलामगिरींत जन्मलेले होते. पेटी वाजविणारी एला शेपर्ड ही तर अशी मुलगी होती कीं, तिच्या बापानें पदरचे पैसे भरून तिला मालकाकडून सोडविलें होतें.

आतां या कथेंतील मुख्य गोष्ट सांगतों. हे विद्यार्थी आरंभीं आपल्या आईबापांचीं गाणीं सभेंत गात नसत. ते इंग्रजी धाटणीचीं सुशिक्षितांचीं गीतें गात. घरचीं पदें त्यांस येत होतीं. परंतु तीं ते आपसांत, खोलीचें दार लावून, हलक्या आवाजांत म्हणत. एला शेपर्डनें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, तीं पदें दास्याच्या काळाशीं जोडलेलीं, आणि आईबापांस पवित्र वाटणारीं. तीं लोकांसमोर गावींत असें आमच्या मनांतही आलें नव्हतें. आणखीही एक कारण होतें. त्या काळीं गोरे नट तोंडास काजळी फांसून काळ्या लोकांची टवाळी करणारे खेळ करीत, आणि त्यावर लोक पोट धरून हंसत. आपल्या मातेचें रडणें अशा हंसण्याच्या तोंडीं कोण देईल?

पहिले कांहीं आठवडे फार हालांत गेले. खाणावळींतून व मुक्कामाच्या जागांतून त्यांस रंगामुळें घालवून देण्यांत येई. तशांतही शिकागो शहरास मोठी आग लागल्याचें कळतांच, एका मुक्कामीं मिळालेली रक्कम, पन्नास डॉलरांच्या आंतलीच ती, त्यांनीं तेथील निराश्रितांस देऊन टाकली. पुढें नोव्हेंबरांत ओबर्लिन येथें काँग्रिगेशनल मंडळ्यांची परिषद भरली असतां त्यांनीं आपल्या घरचीं पदें म्हटलीं, आणि सभा स्तब्ध झाली. लोकांस जें ऐकावयाचें होतें तें हेंच होतें. असें दुसऱ्या कोणाजवळ नव्हतें. १८७२ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांपुढें, १८७३ सालीं इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीपुढें त्यांचें गायन झालें. पहिल्या दौऱ्यांतून सुमारें २०,००० डॉलर मिळाले. पुढील दौऱ्यांच्या द्रव्यांतून विद्यार्थ्यांसाठीं मोठी इमारत उभी राहिली. तिचें नांव ज्युबिली हॉल. १ जानेवारी १८७६ रोजीं तिचें समर्पण झालें, आणि ती आजही उभी आहे. ज्या गाण्याची लाज वाटत होती, त्याच गाण्यानें शाळा वांचविली.

या मेळ्यांतील फ्रेडरिक लाउडिन यांनीं पुढें स्वतःची मंडळी काढून जगाची सफर केली, आणि १८८९-९० च्या सुमारास ते हिंदुस्थानांतही आले. ताजमहालाच्या घुमटाखालीं त्यांनीं आपलीं पदें म्हटलीं. फेब्रुवारी १९३६ मध्यें हॉवर्ड थर्मन व त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन बारडोली येथें गांधीजींस भेटले, तेव्हां गांधीजींनींही त्यांस आपलीं पदें म्हणावयाची विनंति केली.

आतां नगरकडे वळूं. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाच्या लोकांनीं १८३१ सालीं अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, आपलें ठाणें घातलें. याच बोर्डानें गुलामगिरीविरुद्ध ठाम भूमिका घेतली नाहीं, म्हणून असंतुष्ट झालेल्या लोकांनीं १८४६ सालीं अमेरिकन मिशनरी असोसिएशन नांवाची निराळी संस्था काढली, आणि याच असोसिएशननें पुढें फिस्कची शाळा उघडली. अर्थात् नगरच्या जुन्या शाळा आणि फिस्कची शाळा या एकाच घराण्याच्या, परंतु दास्याच्या प्रश्नावर विभक्त झालेल्या दोन शाखांच्या होत. येथें महार-मांग वाड्यांतील मुलांस पहिल्यानें पाटी मिळाली. तेथें मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांस. नगरांतील मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांस आपल्या पुण्याच्या शाळेची स्फूर्ति झाली. त्याच जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काळ्या लोकांचें दास्य नष्ट करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. फिस्कचा मेळा इंग्लंडांत गात होता, तेंच हें वर्ष. पुढें १९४६ सालीं डॉ. आंबेडकर यांनींही कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांस पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितींतील साम्य दाखविलें होतें.

गाण्याच्या बाबतींतही तोच अनुभव येथें आला. आरंभींच्या मराठी उपासनेंत बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेलीं गीतें म्हणत. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवितांना ऱ्हस्व अक्षर ताणावें लागे, दीर्घ तोडावें लागे. अर्थ कळे, पण गळा मोकळा होत नसे. खेड्यांतील माणसाच्या कानांत तर अभंग, ओवी व पोवाडा घुमत असे. मग कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें: तोच पूर्वरंग, तोच उत्तररंग, त्याच टाळ-मृदंगाच्या साथींत नवी कथा. त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आले. त्यांनीं नगरच्या धर्मशिक्षणशाळेंत शिकविलें, राहुरीस वास्तव्य केलें, आणि तुकोबांच्या अभंगवाणीशीं नातें न तोडतां भजनें लिहिलीं. मराठी 'उपासना-संगीत' या संग्रहांत त्यांच्या पदांचा वांटा फार मोठा आहे. एकानें ओळ सांगावी आणि सर्वांनीं ती झेलावी, ही भजनाची रीत, व फिस्कच्या मुलांची रीत, यांत वस्तुतः भेद नाहीं. शाहिराच्या मागें झील धरणारे असतात, तेंही हेंच.

परंतु एके ठिकाणीं दोन्ही देशांत फार मोठें अंतर आहे, आणि विद्यार्थ्यांनीं तें नीट ध्यानांत घ्यावें. तेथें ढोल हातांतून हिसकावून घेतला. येथें हलगी बळेंच हातीं दिली. गांवांतील लग्न असो, मिरवणूक असो, कीं मयत असो, हलगी वाजविणें हें जातीनें ठरवून दिलेलें काम होतें. वाजविणाऱ्यानें दूर उभें राहावें, आणि मिळेल तो तुकडा घ्यावा. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं. तथापि त्यापूर्वींच कित्येकांनीं स्वाभिमानानें हें काम सोडून दिलें होतें. तेव्हां ज्याच्या आजोबांनीं हलगी खुंटीस टांगली, त्यांस "तुम्ही आपली कला टाकली" असा दोष कोणीं देऊं नये. जें बळजोरीनें लादलें होतें तें फेंकून देणें, हाही मोकळ्या माणसाचा हक्क आहे. तसेंच आज एखादा तरुण तीच हलगी स्वतःच्या इच्छेनें, ताठ मानेनें, रंगमंचावर वाजवीत असेल, तर त्यासही कोणीं हिणवूं नये. ठेवावें कीं टाकावें, हें ज्याचें गाणें त्यानेंच ठरवावयाचें. फिस्कच्या मुलांनीं केलें तें हेंच. कोणाच्या हुकुमानें नव्हे, तर आपण होऊन त्यांनीं दार उघडलें.

गाणें असें सांभाळलें म्हणजे तें वाढतही जातें. शिकागोचे टॉमस डॉर्सी यांनीं १९३० नंतर जुन्या पदांत नव्या नगरांतील संगीताचा ठेका मिसळून गॉस्पेल गायनास आजचें रूप दिलें. प्रथम कित्येक मंडळ्यांनीं नाकें मुरडलीं. पुढें त्याच मंडळ्यांत तें घुमूं लागलें. १९६० नंतर तर ही पदें नागरिक हक्कांच्या लढ्याचें बळ झालीं. गिरिजाकुमार माथुर यांनीं हिंदींत उतरविलेलें जें विजयाचें गीत आमच्या शाळांतून समूहानें म्हणतात, त्याचें मूळही याच परंपरेंत आहे. १९४५ सालीं चार्ल्स्टन शहरीं तंबाखूच्या कारखान्यांतील कामगारांच्या संपांत तें म्हणण्यांत आलें, आणि तेथून जगभर पसरलें. म्हणजे आमच्या मुलांच्या ओठीं तें गाणें आधींच येऊन पोहोंचलें आहे. त्याचें गोत्र मात्र त्यांस ठाऊक नव्हतें.

शेवटीं पालकांस व विद्यार्थ्यांस एक विनंति. अमेरिकेंत १८६७ सालीं तिघा संग्राहकांनीं गुलामांच्या गाण्यांचा पहिला संग्रह छापिला. तसा उद्योग झाला नसता, तर कित्येक पदें गाणाऱ्यांबरोबरच मातींत गेलीं असतीं. महाराष्ट्रांतही गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनीं गांवोगांवच्या बायकांकडून जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या मिळवून ठेविल्या. परंतु जातें आतां थांबलें आहे. पिठाच्या गिरणीनें आजीच्या हातांचे कष्ट वांचविले, हें फार चांगलें झालें. मात्र त्या कष्टांत तिनें जें गाइलें तें कष्टांबरोबर जाऊं देऊं नये. या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें घरांतील वडील माणसाजवळ बसावें, आणि त्यांची परवानगी घेऊन पांच ओव्या किंवा एक भजन वहींत उतरवून घ्यावें. गाणाऱ्याचें नांव, गांव, आणि तें कोणत्या प्रसंगीं म्हणत, हें खालीं लिहावें. भाषा सुधारूं नये. गांवठी शब्द तसाच ठेवावा. न समजल्यास अर्थ विचारावा.

आजी कदाचित् म्हणेल, "माझ्या अडाण्याचें काय लिहितोस, बाबा?" नॅशव्हिलच्या त्या मुलांच्या आयाही याहून निराळें म्हणाल्या नसत्या. तेव्हां पालकांनीं तीस सांगावें कीं, लिहूं दे. आणि मुलानें हातांत लेखणी घेऊन स्वस्थ ऐकत बसावें.