मुदत संपल्यावर दार कसे बंद करावे?

रायपूरच्या रेल्वे स्थानकावर २०१६ साली रेलटेल व गूगल यांनी प्रवाशांसाठी वाय-फाय सेवा सुरू केली. प्रवाशाने मोबाइल क्रमांक नोंदवून आलेला सांकेतिक अंक भरला, म्हणजे इंटरनेटचे दार उघडते. अशा प्रत्येक सेवेपुढे एक प्रश्न असतो : दिलेली मुदत संपली, म्हणजे नेमके काय संपले पाहिजे?

या दाराशी पहारा करणाऱ्या यंत्रणेस फायरवॉल म्हणतात. संगणकांमधील माहिती पॅकेटांच्या रूपाने ये-जा करते. नव्या जोडणीचे पहिले पॅकेट आले, की फायरवॉल नियमावली पाहते. परवानगी असल्यास त्या जोडणीची नोंद एका तक्त्यात होते, आणि पुढील पॅकेटे केवळ त्या नोंदीच्या आधारे सोडली जातात. त्यायोगे काम जलद होते.

परंतु अडचणही येथेच उद्भवते. फाटकावर तिकीट तपासून आत गेलेल्या माणसास पुन्हा कोणी विचारीत नाही. फाटक लावून घेतले तर नवे लोक अडतात. आतले बाहेर येत नाहीत. तद्वतच, परवानगीचा नियम काढून टाकला तरी तक्त्यातील जुन्या जोडण्या चालूच राहू शकतात. लिनक्स प्रणालीत, निराळी सूचना दिलेली नसल्यास, टीसीपी जोडणीची निष्क्रिय नोंद ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस टिकते. दरम्यान तोच आयपी पत्ता दुसऱ्या प्रवाशास मिळाला, तर पहिल्याची वाहतूक दुसऱ्याच्या नावे मांडली जाण्याचा संभव असतो. न केलेल्या कृत्याचा जाब निरपराध माणसास द्यावा लागावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

यावरील उपाय ओपनबीएसडी प्रणालीतील ऑथपीएफ या साधनात २००२ पासून पाहावयास मिळतो. वापरणाऱ्याचे सत्र संपताच हे साधन त्याच्यासाठी घातलेले नियम काढते, त्याच्या जोडण्यांच्या नोंदी पुसते, आणि सत्राच्या आरंभाची व समाप्तीची वेळ नोंदवून ठेवते. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी नियम काढावा, मग नोंदी पुसाव्यात. उलट केल्यास मधल्या क्षणात नवी जोडणी आत शिरू शकते.

शिवाय प्रवासी निरोप घेऊन जातोच असे नाही. गाडी आली की तो निघून जातो. म्हणून ठरावीक काळ हालचाल न दिसल्यास सत्र संपले असे यंत्रणेनेच मानावे लागते. प्रवेश देताना जी दक्षता घ्यावयाची, तीच निरोपाच्या वेळीही घेतली, तरच पहारा पूर्ण झाला असे म्हणता येईल.