कोणत्या गोलंदाजाला कोणता चेंडू

नाशिक



दुकानाच्या काचेआड लाल चेंडू सगळे सारखेच दिसतात. फरक असतो तो आत आणि शिवणीत. मध्ये बुचाचा गाभा, त्यावर लोकरीच्या धाग्याचे घट्ट वेढे, त्यावर तुरटीने कमावलेले कातडे आणि दोन अर्धगोल बांधून ठेवणाऱ्या शिवणीच्या सहा रांगा. पुरुषांच्या चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम असावे लागते, महिलांच्या चेंडूचे १४० ते १५१ ग्रॅम. दहा-पंधरा ग्रॅमने काय बिघडते, असे मैदानावर पुष्कळदा ऐकू येते. मनगटाने चेंडू वळवणाऱ्या मुलीला मात्र ते पहिल्याच षटकात कळते. चेंडू मोठा आणि जड असला की बोटे पुरत नाहीत, मग तो तळव्यात जाऊन बसतो आणि फिरकीचा जीव तिथेच जातो. मुलांबरोबर सराव करणाऱ्या मुलींच्या हाती सर्रास पुरुषांचाच चेंडू दिला जातो. जड चेंडूची सवय झाली की हलका आपोआप जमतो हा समज खोटा आहे. टप्पा बदलतो आणि चेंडू हातातून सुटण्याची वेळही बदलते. सामना ज्या चेंडूने होणार, त्याच चेंडूने सराव करावा. बाकीची सगळी निवड त्यानंतर येते.

नाशकातले मोठे मैदान अजूनही ‘गोल्फ क्लब’ म्हणूनच ओळखले जाते. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे आणि महाराष्ट्राचे रणजी सामने तिथे होतात. १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेऱ्यांच्या मैदानाला लोकांनी साहेबाच्या खेळाचे नाव चिकटवून ठेवावे, हीही एक गंमतच. या मैदानावर रणजीला जो चेंडू येतो तो एसजीचा, म्हणजे मेरठचा. ही कंपनी १९३१ मध्ये सियालकोटला सुरू झाली आणि फाळणीनंतर इकडे आली. भारतातले कसोटी सामनेही याच चेंडूने होतात.

एसजीच्या वरच्या प्रतीच्या चेंडूची शिवण पूर्ण हाताने घातलेली असते. दोरा जाड आणि टाके जवळजवळ, त्यामुळे शिवण उठून राहते आणि बराच काळ बसत नाही. चमक मात्र लवकर उडते, कारण आपल्याकडची मैदाने बहुतेक महिने कोरडी आणि खरखरीत असतात. नव्या चेंडूने पहिली दहा-पंधरा षटके जलदगती गोलंदाजाची. पुढे चेंडू खरबरीत झाला की फिरकीवाल्याला शिवण पकडायला मिळते. नाशिकचा डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजीत बच्छाव महाराष्ट्राकडून खेळताना याच चेंडूवर वाढला. चेंडूवर टीकाही झाली आहे. २०१८ मध्ये विराट कोहलीने कसोटीसाठी जगभर ड्यूक्सच वापरावा, असे उघड म्हटले. साठ षटकांतच शिवण उसवली, अशीही तक्रार त्याने २०२१ च्या चेन्नई कसोटीनंतर केली.

ड्यूक्स इंग्लंडचा. या नावाची परंपरा १७६० पर्यंत मागे जाते आणि आज ती कंपनी दिलीप जजोदिया या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या हाती आहे. रंग गडद, शिवण पूर्ण हाताची आणि उठावदार. इंग्लंडच्या हिरव्या मैदानांवर त्याची चमक टिकते, म्हणून पन्नास षटकांनंतरही तो हवेत वळताना दिसतो. तोच चेंडू आपल्याकडच्या भाजलेल्या मैदानावर घासला की ती करामत उरत नाही, हे विकत घेणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे. वेस्ट इंडीजमध्येही कसोटीला ड्यूक्सच असतो. बाकी बहुतेक देशांत ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा चालतो. त्याच्या सहा रांगांपैकी आतल्या दोनच हाताच्या असतात, बाहेरच्या चार यंत्राच्या. पहिली काही षटके तो छान वळतो, मग शिवण दबते आणि गोलंदाजाला वेग, उसळी किंवा अचूकपणा यांवरच भागवावे लागते. बोटांनी फिरवणाऱ्याची तिथे खरी परीक्षा. नेथन लायनसारखा ऑफस्पिनर त्यावर शेकडो बळी घेतो ते चेंडूला पुढच्या बाजूने फिरकी देऊन, उसळीच्या जोरावर. आडव्या फिरकीवर विसंबून नव्हे.

आता गोलंदाजाच्या जातीप्रमाणे. स्विंग करणाऱ्याला शिवण जितकी सरळ आणि एक बाजू जितकी गुळगुळीत, तितके बरे. तिरकी धरलेली शिवण एका बाजूची हवा घुसळते, दुसऱ्या बाजूची हवा गुळगुळीत कातड्यावरून शांत सरकते, आणि त्या फरकाने चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो. यासाठी महागडा चेंडू लागतोच असे नाही. लागते ती धड शिवण आणि सरळ मनगट. एसजीचाच क्लब प्रतीचा चार तुकड्यांचा चेंडू सरावाला पुरतो. टेस्ट प्रतीचा चेंडू रोज नेट्समध्ये सिमेंटच्या विकेटवर आपटणे म्हणजे पैशांची नासाडी, कारण सिमेंट दोन दिवसांत कातडे सोलून काढते. टप्प्यावर शिवण आपटून चेंडू हलवणाऱ्याला मात्र शिवण उंच असलेला चेंडू हवाच, आणि तो मातीच्या खेळपट्टीवरच वापरावा. रिव्हर्स स्विंग हा वेगवानांचा प्रांत आहे. जुना, एका बाजूने पार खरबरीत झालेला चेंडू आणि चांगला वेग असेल तरच तो साधतो. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याच्या मागे लागू नये.

फिरकीवाल्यांना नव्या चेंडूचा फारसा उपयोग नाही, असे मानायची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहमदाबादच्या दिवस-रात्र कसोटीत फिरकी गोलंदाज अक्षर पटेलने ११ बळी घेतले आणि इंग्लंडविरुद्धचा सामना दोन दिवसांत आटोपला. दिवस-रात्र कसोटीच्या गुलाबी चेंडूवर रोगणाचा जादा थर असतो. शिवणीवर पडलेला चेंडू वळायचा, चकचकीत कातड्यावर पडलेला सरळ घसरून आत यायचा. कोणता वळेल हे फलंदाजाला कळत नव्हते, गोलंदाजाला तरी प्रत्येक वेळी कुठे कळत होते! तेव्हा बोटांनी फिरवणाऱ्याने सरावात नवा आणि जुना असे दोन्ही चेंडू हाताळावेत. लेगस्पिनरची गोष्ट वेगळी. तिसऱ्या बोटाची पकड शिवणीवर आडवी बसायला हवी, म्हणून तीस-चाळीस षटके झालेला, शिवण शाबूत असलेला एसजी हाच शिकायला उत्तम. नाशिकच्या लेगस्पिनर माया सोनवणेने २०२२ च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये आपल्या विलक्षण शैलीने सगळ्यांचे लक्ष वेधले. शैली कोणतीही असो, चेंडू हातातून सुटताना शिवणीवर बोट असणे हे त्यातले मूळ.

पांढऱ्या चेंडूची बात निराळी. आयपीएल आणि आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या सामन्यांत कुकाबुराचा पांढरा चेंडू असतो. लाल चेंडूचे कातडे रंगात मुरलेले असते, पांढऱ्यावर वरून लेप दिलेला असतो. तो लालसारखा घासून चमकवता येत नाही आणि दोन-चार षटकांतच त्याचे वळणे ओसरते. पांढऱ्या चेंडूने सुरुवातीलाच सराव करणाऱ्या मुलांना यॉर्कर आणि हळुवार चेंडू लवकर येतात, शिवण सरळ ठेवणे मात्र राहून जाते. पाया लालवरच घालावा.

खरेदी करताना नाव आणि छाप यांच्या आधी चेंडू बघावा. शिवणीवरून अंगठा फिरवला की उंचसखल टाका लगेच लागतो. काउंटरवर चेंडू शिवणीच्या रोखाने घरंगळवला आणि तो डुलत गेला, तर गाभा मध्यावर नाही. दोन तुकड्यांचा चेंडू स्वस्त असतो, पण लवकर बेढब होतो. चार तुकड्यांच्या चेंडूला प्रत्येक अर्ध्यावर आतून घातलेला बारीक जोड दिसतो आणि तो आकार धरून ठेवतो. त्या जोडाची रेघ उचकटलेली असेल तर चेंडू परत ठेवावा. दुकानदाराकडे वजनकाटा असतोच; चेंडू त्यावर ठेवायला लाजू नये. फलंदाजीचा सराव करणाऱ्याला यातले फारसे काही पाहावे लागत नाही. त्याला एकाच वयाचे चार-सहा चेंडू हवेत, म्हणजे उसळी सारखी मिळते.

निगा हा अर्धा खेळ आहे. नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गवतावर भरपूर दव असते. पहिल्या तासात ओला झालेला चेंडू फुगतो, जड होतो, आणि कातडे मऊ पडले की शिवण सैल होते. अशा सकाळी सरावाला जुने चेंडू काढावेत, नवा ऊन आल्यावर. ओला चेंडू कोरड्या टॉवेलने पुसून सावलीत वाळवावा. उन्हात किंवा गिझरजवळ ठेवला तर कातडे तडकते. चमकवण्यासाठी घाम चालतो. थुंकी लावायला करोनाकाळात २०२० मध्ये बंदी आली आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती २०२२ पासून कायम झाली. मातीत घासणे, नखाने शिवण उचलणे, मलम लावणे हे नियमाबाहेरचे. पाच धावांचा दंड संघाला बसतो. चेंडूला चिखल लागला तर तो पंचांच्या देखरेखीखालीच काढायचा असतो.

जुना चेंडू टाकून देऊ नये. किती षटके झाली ते बारीक पेनने कातड्यावर लिहून ठेवले की वीस, चाळीस, साठ षटकांचे चेंडू हाताशी राहतात आणि सामन्याच्या कोणत्याही वेळेचा सराव करता येतो. ऐंशी षटकांच्या पुढचे, शिवण पार बसलेले चेंडू क्षेत्ररक्षणाला आणि झेलांच्या सरावाला लावावेत.

मामा